नकळत घडलं, पण नंतर?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या महिन्यात आपल्या बहुतेक कुटुंबांच्या ग्रुपांवर एकच विषय चालला होता. आपल्या एका गुरुबंधूंचा मुलगा, वय १९, पहाटे कोचिंगला निघाला होता. धुकं होतं. रस्ता झाडणाऱ्या एका ताईंना त्याच्या गाडीची धडक बसली आणि त्यांच्या पायाचं हाड मोडलं. मुलगा थांबला. रिक्षा थांबवून त्यांना दवाखान्यात घेऊन गेला, आणि मग घरी फोन केला. हे लिहिण्याआधी त्या घरची परवानगी घेतली आहे. नावं लिहिणार नाही, आणि ग्रुपवरही कुणी लिहू नयेत, ही विनंती.

त्या संध्याकाळपर्यंत ग्रुपवर निकाल लागले होते. "आजकालची पोरं गाडी चालवत नाहीत, उडवतात." "मोबाईल बघत असणार." दुसऱ्या बाजूने, "अहो, मुद्दाम थोडंच केलं? लेकरू आहे." आणि तिसरं म्हणजे, "ज्याचं त्याचं प्रारब्ध. त्या बाईचा भोग होता, हा निमित्त झाला." असे चाळीसेक निरोप आले. ताईंना आता कसं आहे, हे त्यांतल्या एकातही विचारलेलं नव्हतं. आम्ही दोघं, दर आठवड्याला हे चिंतन लिहिणारे, आम्हीही विचारलं नव्हतं. हात जोडलेलं चित्र टाकलं आणि मोकळे झालो.

तो मुलगा आता गुरुवारच्या आरतीला येत नाही. घरात जेवायलाही सगळ्यांबरोबर बसत नाही. म्हणून आज हा विषय घेतला. जे करायचं मनात नव्हतं ते हातून घडलं, तर तो दोष किती? शिक्षा किती? आणि ती मोजायचा अधिकार कुणाचा?

*आडा बाजारची गाय*

आपण इंदूरकर या प्रश्नावरून रोज चालत जातो. राजवाड्याजवळच्या आडा बाजाराच्या नावाची दंतकथा लहानपणी सगळ्यांनीच ऐकलेली आहे. सुनांसाठी आणि नातवंडांसाठी थोडक्यात पुन्हा सांगतो.

देवी अहिल्याबाईंचे चिरंजीव मालेराव रथातून चालले होते. एक वासरू आडवं आलं आणि चाकाखाली गेलं. रथ पुढे निघून गेला. गाय वासराजवळ बसून राहिली. काही वेळाने अहिल्याबाई तिथून जात होत्या. त्यांनी विचारलं, हे कुणी केलं? भीतीने कुणी बोलेना. शेवटी एकाने सांगितलं. त्यांनी घरी येऊन सुनेला विचारलं, आईच्या समोर तिचं लेकरू मारणाऱ्याला काय शिक्षा द्यावी? सून म्हणाली, त्याचीही तीच गत करावी. मग अहिल्याबाईंनी हुकूम दिला की मालेरावांना हातपाय बांधून रस्त्यात टाका आणि वरून रथ चालवा. एकही सारथी तयार होईना, तेव्हा त्या स्वतः रथात चढल्या. पण तीच गाय रथाला आडवी येऊन उभी राहिली. हाकलली, पुन्हा आली. पुन्हा हाकलली, पुन्हा आली. शेवटी दरबारी म्हणाले, मातोश्री, ही मुकी आई सांगते आहे की दुसऱ्या आईवर ही वेळ येऊ नये. गाय आडवी आली म्हणून तो आडा बाजार.

हा इतिहास नव्हे, हे आधीच सांगतो. इतिहास एवढंच सांगतो की मल्हारराव होळकर मे १७६६ मध्ये गेले, त्यांच्यामागे नातू मालेराव गादीवर आले, आणि काही महिन्यांतच, १७६७ मध्ये, आजारपणात वारले. मग अहिल्याबाईंनी राज्य हाती घेतलं. पण अडीचशे वर्षं लोक एखादी गोष्ट धरून ठेवतात तेव्हा त्यात त्यांना काहीतरी सापडलेलं असतं.

आम्ही ही गोष्ट आयुष्यभर "केवढा हा न्याय, पोटच्या पोराचीही गय केली नाही" अशीच ऐकली आणि सांगितली. पण मालेरावांचा गुन्हा नेमका कोणता, हे कधी विचारलं नाही. वासरू चाकाखाली आलं, तो अपघात होता. बैलाला, घोड्याला, माणसाला, कुणालाही तो चुकला नसता. पण रथ पुढे निघून गेला, तो अपघात नव्हता. वासरू पडल्यावर लगाम ओढायचा की सैल सोडायचा, हे हातातलं होतं. दोन गोष्टी घडल्या होत्या. पहिली नकळत, दुसरी कळून.

*आमची सायकल*

हे आम्हाला इतकं स्पष्ट का दिसतं, ते सांगतो. हे आजवर कुठे लिहिलेलं नाही.

तीसेक वर्षं झाली. पावसाळ्यातला गुरुवार होता. आम्ही दोघं स्कूटरवरून रामबागेतून राजवाड्याच्या बाजूने आरतीला चाललो होतो. उशीर झाला होता. पुढे एक माणूस सायकलवर कापडाचं मोठं गाठोडं घेऊन चालला होता. त्याच्या बाजूने पुढे काढताना स्कूटरचा हँडल गाठोड्याला लागला आणि तो सायकलसकट पडला. आरशात दिसलं की तो रस्त्यावर बसलेला आहे. मागून आवाज आला, "थांबू या का?" पुढून उत्तर गेलं, "आरती चुकेल." एवढंच बोलणं झालं. आम्ही थांबलो नाही.

आरती मिळाली. त्या दिवशीचा प्रसाद घशाखाली उतरला नाही. दुसऱ्या दिवशी त्या जागी जाऊन पानवाल्याला विचारलं. त्याला काही आठवत नव्हतं. मग पुष्कळ वर्षं आम्ही दोघांनी आपसातही हा विषय काढला नाही.

श्रीमहाराज देहात होते तेव्हा एकदा धीर करून त्यांना सांगितलं. महाराज थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "उठला का तो?"

आम्ही म्हणालो, "माहीत नाही, महाराज."

ते म्हणाले, "मग क्षमा मला कशाला मागता? मी काही त्या सायकलवर नव्हतो."

आम्ही रडायला लागलो. महाराजांनी ना जप सांगितला ना अनुष्ठान. म्हणाले, सरकारी दवाखान्यात अपघाताच्या वॉर्डात अशी माणसं असतात की ज्यांना भेटायला कुणी येत नाही. गुरुवारी तिथे जाऊन बसत जा. पाणी द्या, औषधाची चिठ्ठी घेऊन खाली जा, घरच्यांना फोन लावून द्या. आणि जाताना म्हणाले, "त्या दिवशी आरती चुकली तरी चालेल."

तेव्हा कळलं की आमचं पाप धक्का लागण्यात फारसं नव्हतंच. ते "आरती चुकेल" या दोन शब्दांत होतं.

*राजा दशरथ पाणी घेऊन गेला*

आता दुसरी गोष्ट. श्रावणबाळाची. ती आपण मुलांना आईवडिलांच्या सेवेसाठी सांगतो, पण वाल्मीकींच्या रामायणात ती दशरथाच्या तोंडी आहे. राम वनात गेल्यावर मरणाच्या रात्री तो कौसल्येला आपल्या तरुणपणातलं जुनं पाप सांगतो. पावसाळ्यातली रात्र, शरयूचा काठ. अंधारात घडा भरल्याचा बुडबुड आवाज आला. त्याला वाटलं, हत्ती पाणी पितो आहे. आवाजाच्या रोखाने बाण सोडला. पुढे माणसाचा आक्रोश ऐकू आला.

इथे दशरथ स्वतःच एक गोष्ट कबूल करतो. आवाजावर नेम धरणारा म्हणून आपली ख्याती व्हावी, हा मोह आपल्याला होता. म्हणजे मुलाला मारायचं नव्हतं, हे खरं. पण न बघता बाण सोडायची हौस होती, हेही खरं. "मला माहीत नव्हतं" असं म्हणताना हा एक प्रश्न उरतो, की माहीत करून घेता आलं असतं का? त्या पहाटे आपल्या मुलाचं असंच होतं. त्याने आईवडिलांना स्वतःच सांगितलं, "धुकं होतं, पण मी वेगही कमी केला नव्हता." त्याचा दोष शून्य नाही, आणि तो स्वतः तसं म्हणतही नाही.

पण दशरथाने पुढे काय केलं? अंधार होता, साक्षीदार नव्हता, राजपुत्राला कुणी विचारणारही नव्हतं. तरी तो त्या मरणाऱ्या मुलापाशी गेला. तोच घडा भरून घेतला आणि आंधळ्या म्हाताऱ्या आईबापांकडे पायवाटेने चालत गेला. त्यांना पावलं ऐकू आली, वाटलं मुलगाच आला. आणि त्याने सांगितलं की मी तुमचा मुलगा नव्हे, माझ्या हातून हे झालं.

बापाने त्याला दिलेलं उत्तर ध्यानात ठेवण्यासारखं आहे. त्याच्या म्हणण्याचा अर्थ असा, की तू हे येऊन स्वतः सांगितलं नसतंस तर तुझ्या डोक्याची शकलं झाली असती. नकळत केलंस म्हणून तू जगतो आहेस. आणि तरीसुद्धा, तूही पुत्रशोकाने जाशील.

एकाच माणसाने तीन वेगळ्या गोष्टी वेगळ्या ठेवल्या. येऊन सांगितलंस, त्याचं मोल आहे. नकळत केलंस, त्यालाही सूट आहे. पण माझं लेकरू गेलं, त्याचं दुःख या दोन्हींनी पुसत नाही. स्मृतिकारांनीही जाणूनबुजून केलेलं आणि नकळत झालेलं यांची प्रायश्चित्तं वेगवेगळी सांगितली आहेत. नकळत झालेल्याला हलकं, पण प्रायश्चित्त आहेच.

*नकळतचा बुरखा*

मात्र "नकळत" हा शब्द फार सोयीचाही आहे. तो कधी खोटा असतो, हे ओळखायला आपल्या घरातला एक दाखला पुरे.

३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्यात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. काका राघोबादादांचं म्हणणं, आपण फक्त धरायचं सांगितलं होतं, मारायचं नाही. "ध चा मा करणे" हा वाक्प्रचार याच कथेतून मराठीत आला. हुकुमातल्या "धरावे"चं कुणीतरी "मारावे" केलं, असं लोक सांगत आले. समजा, अक्षर खरंच बदललं. तरी हत्यारबंद गारदी एका तरुण पेशव्यावर रात्रंदिवस पहारा असलेल्या वाड्यात पाठवले कुणी? आणि खून झाल्यावर त्याच गादीवर बसलं कोण? न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि दादांना तोंडावर सांगितलं की याला देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरं प्रायश्चित्त नाही, असं परंपरा सांगते.

कोणतं अक्षर कुणी बदललं, एवढ्यावरच निकाल ठरत नाही. घडल्यानंतर माणूस काय करतो, हे पाहावं लागतं. दशरथ पाण्याचा घडा घेऊन निघाला. राघोबा गादीकडे निघाले. "माझ्या मनात नव्हतं" असं दोघंही म्हणू शकत होते.

हेच आपल्या घरात छोट्या प्रमाणात रोज चालतं. सासूबाई सुनेबद्दल चार लोकांत काही बोलून जातात, ती दुखावते. "माझ्या मनात तसं नव्हतं गं." ठीक आहे, नसेल. पण त्यानंतर त्या चार लोकांत जाऊन शब्द मागे घेतला का? की तिचं रडणं पाहून मनात कुठेतरी बरं वाटलं? हे ज्याचं त्यालाच ठाऊक असतं.

*बघणाऱ्यांचं काय?*

आतापर्यंत करणाऱ्याचं झालं. आता आपलं, म्हणजे जे बघतात आणि बोलतात त्यांचं.

त्या पहाटे आपला मुलगा थांबला तेव्हा जमलेल्यांपैकी दोघांनी त्याला आधी मारलं, मग ताईंना उचलायला हात लावला. त्याच्या वडिलांनी हे सांगितलं तेव्हा आम्हाला एक जुनी गोष्ट आठवली. जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रकचालकांनी चक्का जाम केला होता. आपल्याकडेही पेट्रोल पंपांवर लांबच लांब रांगा लागल्या होत्या. कारण होतं भारतीय न्याय संहितेतलं कलम १०६. निष्काळजीपणाने कुणाचा मृत्यू झाला तर ५ वर्षांपर्यंत कैद, आणि गाडी चालवताना तसं होऊन चालक न कळवता पळून गेला तर १० वर्षांपर्यंत. चालकांचं म्हणणं होतं, थांबलो तर जमाव जीव घेतो. विरोधामुळे ते १० वर्षांचं पोटकलम, बाकी कायदा १ जुलै २०२४ ला लागू झाला तेव्हा बाजूला ठेवलं गेलं.

मोटार वाहन कायद्यातही, १९८८ पासून, कलम १३४ सांगतं की चालकाने जखमीला उपचार मिळवून दिलेच पाहिजेत. पण त्यातच एक सूट लिहिलेली आहे. जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल तर. म्हणजे आपला राग इतका नेमाचा आहे की संसदेला तो कायद्यात लिहून ठेवावा लागला. पळणाऱ्याला आपण शिव्या देतो, आणि थांबणाऱ्याला मारतो. मग पुढचा पोरगा यातून काय शिकेल?

ग्रुपवरचे आपले निरोप ही त्याच जमावाची घरगुती आवृत्ती आहे, असं आम्हाला मनापासून वाटतं. हात न लावता मारलेल्या थपडा. त्यात आम्ही आलोच.

महाभारतात मांडव्य ऋषींची कथा आहे. मौनात बसलेल्या ऋषींच्या आश्रमात चोरांनी माल लपवला. राजाने शहानिशा न करता ऋषींनाच सुळावर चढवलं. ते तपाच्या बळावर जिवंत राहिले. चूक कळल्यावर राजा पायांवर पडला, त्यांनी त्याला क्षमाही केली. पण सूळ काही निघेना. शेवटी बाहेरचा भाग कापून टाकला आणि आतलं टोक आतच राहिलं. म्हणून ते अणीमांडव्य. राजाला माफी मिळाली, तरी टोक शरीरात राहिलंच.

पुढे ऋषींनी यमधर्माला जाऊन विचारलं, ही शिक्षा मला कशाची? धर्म म्हणाला, लहानपणी तुम्ही किड्यांना गवताची काडी टोचली होती. ऋषी म्हणाले, एवढ्याशा आणि अजाण वयातल्या अपराधाला एवढी शिक्षा? यापुढे चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला पातक लागणार नाही. आणि अशी शिक्षा देणाऱ्या धर्मालाच त्यांनी माणसाचा जन्म घ्यायला लावला. तोच विदुर. बेताल शिक्षा देणारा, मग तो साक्षात यमधर्म का असेना, सुटत नाही.

याच कथेत प्रारब्धाबद्दलही एक सावधगिरी आहे. राजा काही मांडव्यांना म्हणाला नाही की हा तुमचा पूर्वजन्मीचा भोग, मी केवळ निमित्त. भोग कशाचा, हे मांडव्यांनी स्वतः विचारलं, आणि उत्तर मिळाल्यावर ते मान्यही केलं नाही. प्रारब्ध हा शब्द आपल्या स्वतःच्या दुःखापुरता वापरावा, तिथे तो बळ देतो. दुसऱ्याच्या मोडलेल्या पायाला तो लावला की तेवढ्यापुरता आपला हात काढून घेता येतो, दुसरं काही होत नाही. ताईंच्या घरी जाऊन "तुमचं प्रारब्ध" असं म्हणण्याची आपल्यापैकी कुणाची हिंमत होईल का? होणार नसेल, तर ग्रुपवरही म्हणू नये.

*स्वतःला जाळून कुणाला ऊब?*

आता त्या मुलाशी थोडं बोलायचं आहे. तो हे वाचेल, अशी आशा आहे.

बाळा, मालेरावांची दुसरीही एक कथा आहे. जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने मध्य भारतावरच्या आपल्या १८२३ च्या ग्रंथात ती नोंदवली आहे. मालेरावांनी एका भरतकाम करणाऱ्या कारागिरावर संशय घेतला आणि त्याला मारवलं. नंतर तो निर्दोष होता हे कळलं. पश्चात्तापाने मालेरावांच्या मनाचा तोल गेला. लोक म्हणू लागले, त्या कारागिराचं भूत लागलं आहे. अहिल्याबाई रात्रंदिवस मुलाच्या उशाशी बसून त्या भुताशी बोलत, तुझं देऊळ बांधते, तुझ्या घरच्यांना जहागीर देते, याला सोड. मालेराव वाचले नाहीत.

ग्रीकांच्या ईडिपस राजाचंही असंच. नकळत बापाला मारलं, नकळत आईशी लग्न केलं. गावात रोगराई आली तेव्हा "दोषीला शोधून काढीन" असा पण त्यानेच केला, आणि शोधता शोधता तो स्वतःच निघाला. त्याने आपले डोळे फोडून घेतले. सोफोक्लीसचं हे नाटक दोन हजार चारशे वर्षांहून जुनं आहे आणि अजून माणसं ते पाहून गलबलतात. पुढच्या नाटकात म्हातारा, आंधळा ईडिपस म्हणतो, मी हे जाणून केलं नव्हतं.

या दोघांचं दुःख खोटं नव्हतं. पण बघ, मालेरावांच्या झुरण्यातून त्या कारागिराच्या बायकोमुलांना काय मिळालं? देऊळ, जहागीर, भरपाई, हे सगळं सुचलं ते अहिल्याबाईंना, कारण त्यांची नजर ज्याचं गेलं त्याच्याकडे होती. मुलाची नजर स्वतःच्या पापाकडे लागलेली होती. नुसती पापाकडे बघत बसलेली नजरही शेवटी स्वतःकडेच असते. हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे. आमचीही बरीच वर्षं तशीच गेली.

*नळ एक दिवसाआड येतो*

शेवटी, आता कुठवर आलं आहे ते सांगतो. त्या घरच्यांनी आधी ठरवलं होतं की मुलाच्या हातून दत्तयाग करवावा आणि अन्नदान करावं. चांगलंच आहे. पण त्याच्या आईने आधी ताईंना जाऊन विचारलं, तुम्हाला काय हवं? दवाखान्याचा खर्च हे घर करतंच आहे. ताई म्हणाल्या, "पैसा तो ठीक है दीदी, पर पानी कौन भरेगा?" त्यांच्या वस्तीत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, पहाटे, थोडाच वेळ येतं. नवरा रात्रपाळीला असतो. मुलगी लहान आहे.

आता एक दिवसाआड पहाटे हा मुलगा चालत जातो आणि पाणी भरून देतो. गाडी त्याने अजून हातात घेतलेली नाही. पहिले चार-पाच दिवस ताई त्याच्याशी बोलल्या नाहीत. त्याने बोलावं, क्षमा करावी, अशी मागणी कुणी केली नाही. तसा हक्क कुणाला नाहीच. गाय आडवी आली ती स्वतःहून आली, तिला कुणी ओढून आणलं नव्हतं. ताई कधी आडव्या येतील, येतील की नाही, ते त्यांचं त्या ठरवतील. गेल्या आठवड्यात त्यांनी त्याला चहा दिला, एवढं कळलं.

दशरथ एक घडा पाणी घेऊन गेला होता. हा दर वेळी दहा हंडे भरतो. म्हणून तो दोषमुक्त झाला, असं आम्ही म्हणणार नाही. पायातली सळई पायात आहेच. पण आम्ही स्कूटरवरून जे केलं नाही ते हा १९ वर्षांचा मुलगा करतो आहे, आणि आरतीत तो आमच्या मागे बसायला लाजतो, हे उलटं आहे. लाजायचं तर आम्ही.

तर या आठवड्याचा नेम असा. घरातल्या सगळ्यांनी, लहानांनीही, एकदा बसून आठवावं, की "माझ्या मनात नव्हतं" असं म्हणून आपण कुठे न थांबता पुढे गेलो? तो माणूस अजून गाठता येत असेल तर जाऊन आधी एवढंच विचारावं, तुम्हाला काय हवं? गाठता येत नसेल, तर दवाखान्यातल्या त्या वॉर्डात गुरुवारी आमच्याबरोबर या. आणि ग्रुपवर पुढच्या वेळी कुणाच्या अपघाताची बातमी आली, तर पहिला निरोप पडलेल्याच्या चौकशीचा असावा.

त्या मुलाला एक निरोप. गुरुवारी ये. तुझी जागा आमच्या शेजारी ठेवली आहे. पाणी भरायचा दिवस असेल तर उशिरा आलास तरी चालेल. आरती चुकली तरी चालेल.

जय गुरुदेव 🙏